फंगदादांच्या डिस्कची खरखर

आ-थूइतका बढाईखोर माणूस आमच्या तायपेईच्या क्वांगह्वा बाजारात दुसरा सापडणार नाही. हे मी त्याच्या तोंडावर म्हणत आले आहे, तेव्हा पाठीमागे म्हणायला मला कसली भीती? वंग चिन-थू हे त्याचं खरं नाव, पण ते फक्त सरकारी कागदावर. माझा केबलचा गाळा आणि त्याचा दुरुस्तीचा गाळा यांच्यामध्ये छातीएवढी प्लायची भिंत आहे. बाजार पुलाखालून उठून पुढे या उंच इमारतीत आला, गाळ्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि माझ्या वाट्याला हा शेजार आला. तेव्हापासून सकाळी शटर वर गेलं की संध्याकाळी खाली येईपर्यंत मी याची बडबड ऐकते आहे.

"माझ्या हातून आजवर एकाही गिऱ्हाइकाची एक ओळसुद्धा हरवलेली नाही!" हे त्याचं रोजचं वाक्य. नव्या गिऱ्हाइकाला सांगतो, जुन्याला सांगतो, दुपारचा खिमा-भात घेऊन येणाऱ्या बाईला सांगतो. एकदा विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसालाही ऐकवलं. तो बिचारा मान डोलावत राहिला. मी म्हटलं, "अरे, त्याला आकडे लिहून घेऊ दे, मग आरती करून घे स्वतःची." पण राग कशाचा येतो सांगू? मेला खोटं बोलत नाही. खरंच कुणाचं काही हरवलेलं नाही.

काम त्याचं एकच. काँप्युटर मंद झाला की लोक त्याच्याकडे येतात. तो पेटी उघडतो, जुनी फिरणारी डिस्क बाहेर काढतो, तिच्यातलं सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवतो आणि नवी बसवून देतो. नव्या डिस्कमध्ये फिरणारं काही नसतंच, त्यामुळे ती झटकन चालते आणि तिचा आवाज म्हणून येत नाही. जुनी डिस्क मात्र तो ठेवूनही घेत नाही आणि टाकूनही देत नाही. वर्तमानपत्रात गुंडाळतो, रबर लावतो आणि गिऱ्हाइकाच्या हातात देतो. गिऱ्हाईक म्हणतं, "मला काय करायचीय? टाकून द्या." की हा उखडलाच.

"टाकून द्या? बायकोची पत्रं असतील यात तुमची!"

"अहो, बायकोची नाहीयेत."

"मग तर मुळीच टाकू नका, घरी न्या आणि कुलपात ठेवा!"

जुनी डिस्क तपासायची त्याची रीतही त्याच्याचसारखी. यंत्रं आहेत त्याच्याकडे, पण आधी तो लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक डिस्कवर टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटतो. मग निकाल देतो. ही थकलीय. ही खोकतेय. ही उद्या जाईल, आजच उतरवून घ्या. यून्लिनच्या लसणाच्या शेतातून तो पोरवयात तायपेईला आला आणि पुलाखाली रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे राहिला. तिथे ही कानाची सवय लागली म्हणतो. आणि काम झालं की प्रत्येक पेटीवर तो स्वतःच्या खर्चाने हिरवं पाकीट ठेवतो.

ते पाकीट आमच्याकडे सगळीकडे असतं. आत नारळाच्या वासाचा मक्याचा खाऊ. पाकिटाचं नावच 'शहाण्यासारखं वाग' अशा अर्थाचं, म्हणून बँकेपासून इस्पितळापर्यंत प्रत्येक यंत्रावर ते बसलेलं असतं. हिरवंच हवं. पिवळं ठेवलं तर यंत्र रुसतं, लाल ठेवलं तर विचारूच नका. तारीख उलटलेली चालत नाही आणि आतला खाऊ खायचा नाही. मी खाल्ला होता एकदा, भूक लागली होती. आ-थू दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. फार शांततेचे दिवस होते ते.

तर फंगदादा. हे निवृत्त बसचालक. आयुष्यभर इंजिनाच्या शेजारी बसून त्यांचे दोन्ही कान गेले, त्यामुळे बोलणं सगळं ओरडून. त्यांनी ढकलगाडीवर काँप्युटर बांधून आणला तेव्हा आख्ख्या मजल्याला कळलं की फंग आलेत, त्यांचं हिवाळ्यात हृदयाचं ऑपरेशन झालंय, आणि ते दिवसभर घरी बसून काँप्युटरशी चिनी बुद्धिबळ खेळतात.

"डॉक्टर म्हणाला जिने चढू नका, भांडू नका!" ते ओरडले. "मग मी करू काय? पण हा गाढव एक चाल खेळायला इतका वेळ लावतो, की मला माझीच चाल आठवेनाशी होते!"

आ-थूने स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. "दादा, ही डिस्क नाही, भंगारातलं मडकं आहे. कशी चालते हेच नवल."

"काय?"

"मडकं! मडकं!"

"माझी डिस्क मडकं? तुझ्या गाळ्यात तरी दुसरं काय आहे रे?"

भांडू नका म्हणून डॉक्टरने सांगितलं होतं ना! पण भांडून झाल्यावर त्यांचा चेहरा असा खुलला, की मला वाटलं या माणसाला औषध म्हणून रोज एक भांडण लिहून द्यावं. आ-थूने नवी डिस्क बसवली, जुनी गुंडाळून दिली, वर पाकीट ठेवलं. फंगदादा खूश होऊन गेले.

थोड्या दिवसांनी एक बाई आली. हातात पांढरी काठी, केस मागे घट्ट बांधलेले, मनगटं चांगली जाड. माझ्या गाळ्याची कड बोटांनी चाचपत ती पुढे आ-थूच्या गाळ्याशी थांबली.

"मालक कोण इथे? मी फंगांची बायको. बसवाले फंग."

"या या वहिनी, बसा!" आ-थू लगेच फुलला. "कसा पळतोय दादांचा घोडा?"

"पळतोय छान. त्यावरूनच भांडायला आले." तिने पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढली आणि टेबलावर ठेवली. "ही परत आत घाला."

मी माझ्या गिऱ्हाइकाला उगाच लांब केबल दाखवत तिथेच उभी राहिले. कान इकडेच होते, खोटं कशाला बोलू?

"वहिनी, हिचे दिवस भरलेत," आ-थू म्हणाला. "नवी काय वाईट आहे? अडकते का? बंद पडते का?"

"तसलं काही नाही. आवाज येत नाही तिचा."

"अहो, मग हे तर चांगलं!"

"तुम्हाला चांगलं," ती म्हणाली. "मला नाही."

तिचं नाव छिऊ-मेई. लहानपणीच डोळे गेले, मालिश शिकली आणि त्यावरच घर उभं केलं. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक पालथं पडलेलं असतं, मागच्या खोलीत नवरा खेळत असतो, मध्ये बंद दार. ऑपरेशननंतर ती दर थोड्या वेळाने दार उघडून विचारायची, बरं वाटतंय ना? एक दिवस फंगदादांनी चहाचा पेला आपटला. म्हणाले, मी काय शाळेतलं पोर आहे, सारखी हजेरी घेतेस? परत विचारलंस तर थोरल्या मुलाकडे काओश्युंगला जाऊन राहीन.

"त्यांचा स्वभाव तुम्ही पाहिलाच असेल," छिऊ-मेई म्हणाली.

"ऐकला," मी मधेच म्हटलं. "चौथ्या मजल्यापर्यंत ऐकला."

ती माझ्या दिशेने वळून हसली. मग म्हणाली, "त्या दिवसापासून मी विचारणं सोडलं. विचारायची गरजच उरली नाही. ते चाल खेळले की ही डिस्क खरखर करायची. खर्र, मग थोडं थांबणार, मग परत खर्र. विचारात पडले तर किती वेळ थांबतात, ते मला पाठ आहे. त्याहून जास्त झालं तरच मी हात पुसून दाराशी जायचे. त्यांना स्वतःला हा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे आवाज होतो हेच त्यांना माहीत नाही. तुम्ही नवी बसवलीत आणि घर एकदम गप्प झालं. आता माझ्या हाताखाली गिऱ्हाइकाची पाठ असते आणि तिच्यातली गाठ मला लागत नाही. सगळा जीव त्या दाराकडे. दिवसातून किती वेळा मनातल्या मनात मी त्यांना मेलेलं बघते, मालक."

आता आ-थूच्या स्वतःच्या घरी आवाज बंद व्हायची सोय नाही, बायको त्याच्याहून वरचढ आहे. तरीही त्याला ते कळलं. त्याने पुडी सोडली आणि डिस्क हातात फिरवत बसला.

"खेळाला स्पीकर लावून देऊ? चाल झाली की टक् करेल."

"स्पीकरचा डबा दिसला की विचारतील, मला ऐकू येत नाही तर हा कुणासाठी? मग झालंच."

"मग हिला आत नुसती फिरत ठेवतो," तो म्हणाला. आणि स्वतःच मान हलवली. "छे. दादा खुर्चीत कोसळले तरी ही फिरतच राहणार, आणि तुम्ही म्हणणार सगळं ठीक. ती तर फसवणूक झाली. ते चाल खेळतील तेव्हाच हिने बोललं पाहिजे. म्हणजे खेळ हिच्यावरच ठेवायला हवा, प्रत्येक चाल हिच्यावरच उतरायला हवी."

"मग ठेवा ना," छिऊ-मेई म्हणाली.

"वहिनी, जाणाऱ्या डिस्कवर कुणाचं चालू काम मी कधी ठेवलेलं नाही. कधीच नाही."

"अरे, ठेव ना रे बाबा!" मला राहवेना. "बुद्धिबळाचे डाव आहेत ते, राजवाड्याचे दस्तऐवज नाहीत!"

"तुझं काय जातंय बोलायला? उद्या डाव गेले तर नाव कुणाचं जाणार?" तो माझ्यावर खेकसला. मग डिस्क टेबलावर ठेवली. शेवटी म्हणाला, "रोज संध्याकाळी त्या दिवसाचे डाव आपोआप नव्या डिस्कवर उतरतील असं करतो. ही गेलीच, तर जाईल फक्त त्या दिवसाचा खेळ."

"जाऊ दे की," छिऊ-मेई म्हणाली. "नाहीतरी रोज हरतातच."

"आणि वहिनी, ही कधी थांबेल ते मी सांगू शकत नाही. सहा महिने चालेल, उद्याही थांबेल. थांबली की तुम्ही धावत जाल. दादा ठणठणीत असले तर मला फोन करा आणि शिव्या घाला."

"घालीन. फक्त त्यांना यातलं काही कळू देऊ नका. माझा कान असा त्यांच्यावर असतो हे कळलं, तर पेटीच बंद करून बसतील." तिने आ-थूकडून वचन घेतलं, आणि मग माझ्या बाजूला हात पुढे करून माझ्याकडूनही घेतलं. मी चोरून ऐकतेय हे तिला पहिल्यापासून माहीत होतं.

आता पेटी परत आणवायची कशी? आ-थूने फोनवर ओरडून सांगितलं, नव्या डिस्कनंतरची तपासणी फुकट करतो. फोनमधून आलेला फंगदादांचा आवाज मला भिंतीपलीकडे ऐकू आला. "फुकट? तू? बरा आहेस ना रे?" पण आले. ते खाली बन खायला गेले तेवढ्यात आ-थूने काम उरकलं. सोंगटी हलवली, खर्र. थांबला, काही नाही. पुन्हा हलवली, खर्र. बराच वेळ हात लावला नाही, तर डिस्क झोपली आणि तिची घरघरही थांबली. त्याला याहून काही करता आलं नसतं, आणि तो ते मला तीनतीनदा सांगत होता.

उन्हाळा गेला. छिऊ-मेईचा फोन नाही, म्हणजे सगळं ठीक. आणि मग एका रविवारी, बाजार ऐन भरात असताना, ढकलगाडीचा खडखडाट आणि त्यामागून तो आवाज.

"कुठाय तो लबाड? कुठाय वंग?"

फंगदादांनी पेटी उघडीच आणली होती. आणि आत, सगळ्या तारांच्या मध्ये, हिरवं पाकीट कोंबलेलं. झालं होतं असं, की सारखे हरत होते म्हणून त्यांच्या मनाने घेतलं, पाकीट वर ठेवून उपयोग नाही, यंत्राच्या पोटात ठेवलं पाहिजे, म्हणजे गुण लवकर येईल. आमच्याकडे अशी अक्कल कुणालाही सुचू शकते. पाकीट आत सरकवताना हाताला काहीतरी गरम लागलं, थरथरतं. डोकावून बघतात तर त्यांचीच जुनी डिस्क.

"नवी म्हणून पैसे घेतलेस!" ते गरजले. "आणि आत माझंच मडकं! फुकट तपासणी म्हणे! अरे, तपासणीच्या नावाखाली माझी नवी काढून घेतलीस तू!"

लोक जमले. समोरचा कीबोर्डवाला चिआंग तर खुर्चीवर चढून बघायला लागला. आ-थूच्या बढाया त्याने वर्षानुवर्षं सोसल्या होत्या, आज त्याचा सण होता. आ-थूने नवी डिस्क बोट लावून दाखवली, आतच आहे म्हणून. फंगदादा ऐकतात कसले!

"मग जुनी कशाला ठेवलीस? बोल ना! काढ ती आत्ताच्या आत्ता, सगळ्यांसमोर!"

माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. एका वाक्यात त्याची अब्रू वाचली असती. मी तोंड उघडलं आणि आ-थूने भिंतीखालच्या फटीतून माझ्या स्टुलाला लाथ घातली. मग तो उभा राहिला, फंगदादांच्या कानाशी वाकला, आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं ओरडून म्हणाला,

"चूक माझी आहे, दादा! मी बसवलेली नवी डिस्क कच्ची निघाली. तिच्या एकटीच्या भरवशावर तुमचे डाव टिकले नसते. म्हणून गुपचूप तुमची जुनी परत लावली. डाव तीच सांभाळतेय. ती काढू नका."

मग चिआंग हसला, मोठ्याने. "आजवर कुणाची एक ओळ हरवली नाही म्हणे!" मागून आणखी कुणीतरी हसलं. पेटी घेऊन उभी असलेली एक मुलगी होती, तिने ती मुकाट्याने उचलली आणि निघून गेली. आ-थूचे कान लाल झाले होते. हात टेबलावर, मान खाली. मला त्याचा इतका राग आला आणि त्याच वेळी डोळे असे भरून आले, की मी केबलचं भेंडोळं सोडवत बसले.

फंगदादा मात्र हळूहळू खुलायला लागले. "म्हणजे," ते म्हणाले, "माझं मडकं तुझ्या नव्यापेक्षा खमकं?"

"हो दादा."

"परत म्हण!"

"तुमची जुनी डिस्क माझ्या नव्यापेक्षा खमकी आहे!"

"ऐकलंत का सगळ्यांनी?" फंगदादांनी पेटीवर थाप मारली. "मग राहू दे हिला तिथेच! हात लावलास तर याद राख!" आ-थूने आतलं पाकीट काढून वर ठेवलं, आत गुदमरतं म्हणाला, झाकण बसवलं आणि स्क्रू आवळले. ढकलगाडी लिफ्टपर्यंत तोच घेऊन गेला. फंगदादा वाटेत भेटेल त्याला सांगत होते, की माझी जुनी डिस्क याच्या नव्यापेक्षा खमकी.

तो परत आला तेव्हा मी तयारच होते. "मूर्खा, काहीतरी दुसरं सांगायचंस! हिरव्या पाकिटाला सोबत म्हणून ठेवली असं सांगितलं असतंस तरी चाललं असतं! आता हा चिआंग जन्मभर तुझ्या चुकीचा ढोल वाजवेल."

"वाजवू दे."

"आणि गिऱ्हाईक? ती पोरगी गेली ना समोरून."

"गेली तर गेली. आ-शिआ, तू जरा गप्प बस ना." एवढंच म्हणाला आणि उघडी पडलेली एक डिस्क पुढ्यात ओढून स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. त्या दुपारी त्याने आपलं रोजचं वाक्य कुणालाही ऐकवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन वाजला. हातात काम होतं म्हणून त्याने स्पीकर लावला. "बोला, वंग बोलतोय." पलीकडून कुणी बोलेना. "हॅलो? कोण आहे?" तो ठेवणारच होता, तेवढ्यात अगदी बारीक आवाज आला. खर्र. मग काही नाही. आम्ही दोघंही भिंतीच्या दोन बाजूंना वाकून ऐकत होतो. पुन्हा, खर्र.

"ऐकलंत?" छिऊ-मेई हळू आवाजात म्हणाली. फोन तिने दाराला लावून धरला असावा. "काल घरी आल्यापासून थांबायला तयार नाहीत. सगळं सांगितलं मला त्यांनी, तुम्ही काय म्हणालात ते. चारचारदा सांगितलं." मागे पुन्हा खर्र झालं. "मालक, तुम्हाला काय म्हणू?"

"काही म्हणू नका, वहिनी. धरा तसाच जरा."

तिने फोन तसाच धरला. गाळ्यासमोर दोन माणसं येऊन उभी होती. आ-थूने त्यांना हाताने थांबायची खूण केली.